वरून ठोका, खालून हिसका

हूड चढवून झाल्यावर जगूभाव माझ्यासमोर उभे राहिले आणि काहीतरी बोलले. ओठ हलताना दिसले. मी मान हलवली. त्यांनी माझ्या डोक्यावर एक थाप मारली आणि ते मोतीदादाकडे वळले. काय बोलले ते मला कळलं नव्हतं.

हिमाचलातल्या एका धरणाच्या तलावात आम्ही तराफ्यावर बसलो होतो. धरणाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं चांगली होती. फेब्रुवारी महिना, पाणी पाच अंशांवर, समोरच्या डोंगरांवर बर्फ. आम्ही तिघंही मालवणजवळच्या देवबागचे. जन्म पाण्यात गेलेला, पण कोमट पाण्यात. थंडी आम्ही फक्त बातम्यांत पाहिली होती.

जगन्नाथ सारंग म्हणजे जगूभाव, आमचे मुकादम. बुडालेल्या बोटी, जेटीचे खांब, धरणांचे दरवाजे, पाण्याखालचं जे काम दुसरा कुणी घेत नाही ते जगूभाव घ्यायचे. मोतीराम तारी हा त्यांचा सतरा वर्षांपासूनचा पाणबुड्या. त्याच्या कानांची आमच्या गावात ख्याती होती. तळातली सुंगटं, म्हणजे कोळंबी, भांडली तरी मोत्याला ऐकू येतं, असं लोक म्हणायचे. आणि तिसरा मी, अंकुश मालंडकर, वय चोवीस, कामाला लागून दीड वर्ष झालेलं.

त्या पाण्यात उतरायचं तर डोक्यावर हूड हवाच. सात मिलिमीटर जाड निओप्रीन रबराची टोपी, कपाळापासून पार गळ्याखालपर्यंत. आतून साबणाचं पाणी लावायचं, आधी हनुवटी घालायची, मग डोकं रेटायचं. एकदा बसली की गाल वर येऊन डोळ्यांना टेकतात आणि जग गप्प होतं. आमच्यापैकी कुणीच त्याआधी ती घातली नव्हती.

आता आमची कामाची पद्धत सांगितली पाहिजे, कारण सगळं तिच्यावरच अडलं. इतर पाणबुडे वरखाली दोन्हीकडून दोरीच्या हिसक्यांनी बोलतात. जगूभावांचा नियम वेगळा होता. वरून ठोका, खालून हिसका. तराफ्याला एक लोखंडी पाइप बांधायचा, त्याचं खालचं टोक पाण्यात सोडायचं आणि वरच्या टोकावर हातोडीने ठोकायचं. एक ठोका म्हणजे बरे आहात ना? खालून एक हिसका, म्हणजे बरे आहोत. तीन ठोके म्हणजे हातातलं असेल ते टाका आणि वर या. दोरी कशाततरी अडकते, ठोका अडकत नाही, असं जगूभाव म्हणायचे. मालवणच्या पाण्यात उघड्या कानाने तो ठोका अगदी दातांपर्यंत यायचा. सतरा वर्षांत कधी चुकला नव्हता.

पहिल्या दिवशी फक्त चाचणी होती. मी आणि मोतीदादा पाच मीटरवर जाऊन थांबायचं, जगूभाव तीन ठोके देतील, वर यायचं. शाळेतली कवायत म्हणा ना.

मी खाली गेलो आणि मला माझ्या श्वासाशिवाय काही ऐकू येईना. बुडबुड्यांचा गडगडाट आणि मान वळवली की रबराची करकर, बस. मी श्वास रोखून धरला. तरी काही नाही. मोतीदादा समोर हाताची घडी घालून निवांत तरंगत होता. मी त्याच्या चेहऱ्यावरची नजर काढली नाही. काही वेळाने त्याने घड्याळाकडे पाहिलं, मला अंगठा वर करून दाखवला आणि तो वर निघाला. मी त्याच्या मागोमाग.

वर येऊन हूड मागे सारले. जगूभावांच्या हातात हातोडी होती.

"आयकलास मा दोघांनी?"

"आयकलंय," मोतीदादा म्हणाला.

"आयकलंय," मी म्हणालो.

खोटं इतकं सहज निघालं, की माझं मलाच नवल वाटलं. पण त्याला कारण होतं. माझा डावा कान लहानपणी फुटून वाहायचा आणि तो अर्ध्यावरच राहिला होता. हे मी कामावर लागताना कुणाला सांगितलं नव्हतं. उजवा कान चोख होता, त्यावर निभायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आज मात्र मोतीदादाला ऐकू आलं आणि मला आलं नाही, म्हणजे उजवाही गेला, असं माझ्या मनाने घेतलं.

आमच्या घरात कान जाणं म्हणजे काय ते मी पाहिलं होतं. माझे बाबा वल्ह्याचं पातं पाण्यात धरून दांड्याला कान लावायचे आणि खाली ढोम्या माशांचा थवा कुरकुरतोय का ते सांगायचे. त्यांनी हात केला की जाळं पडायचं. मग हळूहळू त्यांचे कान गेले. त्यांनी दोन वर्षं ते कुणाला कळू दिलं नाही. आई काही बोलली की मान हलवायचे. होडीचा म्होरक्या तांडेल काही बोलला की मान हलवायचे. एक दिवस होडीवर कुणीतरी ओरडलं, "दोर सोड!" आणि बाबांनी मान हलवून दोर तसाच धरून ठेवला. दुसऱ्याची दोन बोटं गेली. त्यानंतर बाबांना कुणी होडीवर घेतलं नाही. ते अंगणात बसून फाटकी जाळी शिवत राहिले, आणि कुणी समोरून गेलं तरी मान हलवत राहिले.

मला त्या अंगणात जाऊन बसायचं नव्हतं.

दुपारी मोतीदादा आणि जगूभाव दरवाजाचा नकाशा बघायला नेगी साहेबांकडे गेले. नेगी साहेब म्हणजे धरणावरचे इंजिनिअर, शांत, सडपातळ माणूस. मी पत्र्याच्या खोलीत एकटा होतो. घड्याळाचा गजर लावला, हूड घातला आणि घड्याळ कानापासून वीतभर धरलं. गजर झाला तो काट्यांवरून कळला, कानांनी नाही. हूड काढला तर गजर चांगला कोकलत होता.

खरं तर एवढ्यावर शहाण्या माणसाला कळायला हवं होतं, की दोष टोपीत आहे. पण चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, चांगल्या कानाच्या माणसाला टोपीतूनही येत असणार. मोतीदादाला आलंच की.

मग मी शेगडीवर एक खिळा लाल केला आणि हुडाला उजव्या कानाच्या जागी चार भोकं पाडली. डाव्या बाजूला पाडली नाहीत. तो कान ऐकतच नाही, त्याच्यासाठी कशाला टोपी बिघडवा? जळक्या रबराचा वास खोलीत भरला, तेव्हा दार उघडं टाकून थंडीत कुडकुडत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी आणि मोतीदादा एकाच दोरीला बांधून उतरलो. काम असं होतं. अठरा मीटरवर धरणाच्या तळाचा एक लोखंडी दरवाजा होता. तो बंद करताना एक देवदाराचा ओंडका खाली अडकला आणि दरवाजा हातभर उघडा राहिला. ओंडक्यानेच ती फट जवळजवळ बुजवली होती. आम्ही त्याला वायररोप, म्हणजे तारेचा दोर, बांधायचा, आम्ही वर आलो की धरणावरची माणसं यंत्राने तो ओढून काढणार. धोका एकच होता. आम्ही खाली असताना ओंडका सरकला तर फट उघडणार, आणि अख्ख्या तलावाचं पाणी त्या फटीतून पलीकडे धावणार. तिच्यासमोर माणूस असला तर त्याचं काही उरत नाही. म्हणून नेगी साहेबांनी धरणाच्या पलीकडे एक माणूस उभा केला होता, गळतीवर नजर ठेवायला.

"पाणी जरा जरी वाढलं तरी तो फोन करतलो," जगूभाव म्हणाले. तेव्हा अजून हूड घातलेले नव्हते, म्हणून मला ऐकू आलं. "आणि मी तीन देतलंय. तीन म्हणजे तीन. वस्तू गेली तर जांव दे."

पाच मीटरपर्यंत ठीक होतं. दहा मीटरच्या पुढे उजव्या कानात भोकांमधून पाणी शिरलं. सुई टोचावी तसं दुखलं, आणि मग सगळं फिरायला लागलं. दोरी आडवी झाली, मोतीदादा उलटा झाला, वर कुठे आणि खाली कुठे ते कळेना. मी दरवाजाच्या बाजूच्या लोखंडी पट्टीला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि डोळे मिटून घेतले. आपण इथेच मरणार असं मला वाटलं, आणि त्याहून जास्त, हे मोतीदादाला दिसेल असं वाटलं. माणूस कशाला घाबरेल सांगता येत नाही.

मिनिटभराने कानातलं पाणी अंगाच्या उबेने कोमट झालं असावं. फिरणं थांबलं. मी डोळे उघडले. मोतीदादा पाठमोरा होता, ओंडक्याखालून वायर ओवत होता. त्याला काही दिसलं नव्हतं.

आणि मला ऐकू येऊ लागलं. वाळू सरकल्याचा आवाज, मोतीदादाचे बुडबुडे माझ्या बुडबुड्यांपासून वेगळे, आणि ओंडक्याच्या मागून एक बारीक, सलग फुसफुस. गळतीची. मला इतका आनंद झाला, की त्या काळोख्या पाण्यात मी हसलो. मी मोतीदादाच्या शेजारी गेलो, आमची दोरी सैल केली आणि वायरचं टोक धरलं.

दहा मिनिटं काम चाललं. मग ठोके पडले.

टण, टण, टण.

स्पष्ट. मी वायर सोडली आणि मोतीदादाकडे पाहिलं. तो खाली मान घालून गाठीचा बोल्ट आवळत होता. त्याचा हात थांबला नाही.

मी थांबलो. आत्ताच माझं डोकं गरगरलं होतं. कानात कसलेही आवाज येऊ शकतात. मोतीराम तारीला ऐकू आलं नाही आणि कानफुट्या अंकूला आलं, हे कोण खरं मानेल? बोल्टचे चार वळसे राहिले होते. उगाच वर नेलं तर उद्या पुन्हा उतरायचं, आणि जगूभाव विचारणार, तुला काय ऐकू आलं? मग कानाचं सगळंच निघणार.

टण, टण, टण.

मी मोतीदादाच्या चेहऱ्यासमोर गेलो. काचेआड त्याचे डोळे बोल्टवर होते. एकदा त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पाना मागितला. मी पाना दिला. आज इतक्या वर्षांनी त्या गोष्टीतलं मला सगळ्यात जास्त काय छळतं ते विचाराल तर हेच. ठोके दोनदा ऐकून मी त्याच्या हातात पाना दिला.

मग ती फुसफुस बदलली. बारीक होती ती जाड झाली. आणि ठोके आता तीनवर थांबेनातच, वर कुणीतरी वेड्यासारखं पाइपवर हाणत होतं.

मी मोतीदादाचा दंड धरून अंगठा वर केला. त्याने मान नाही म्हणून हलवली. ओंडक्याकडे बोट दाखवलं, एक वळसा राहिलाय म्हणून. मी माझ्या कानावर हात ठेवला आणि तीन बोटं दाखवली. त्याने आपल्या कानावर हात ठेवला आणि हात हलवला, काही नाही.

त्या क्षणी मला ठरवायचं होतं, की त्याचा कान खरा की माझा. मी विचार केला असं म्हणणार नाही. त्याच्या पाठीवरच्या सिलिंडरचा पट्टा मुठीत धरला, पाय दरवाजावर रोवले आणि त्याला ओढून घेतलं. आम्ही सुटलो तरी दोरी हलेना. ती ओंडक्याच्या फांदीत गुंतली होती. मी कमरेचा सुरा काढून ती कापली. मोतीदादाने मला कोपर मारलं, अजून डोळ्यासमोर चांदण्या येतात. मी सोडलं नाही.

बारा मीटरवर होतो तेव्हा पायाखाली धडाड असा आवाज झाला. पाणी आम्हाला खाली ओढू लागलं. मोतीदादा माझ्या हातात एकदम थिजला, आणि मग आम्ही दोघंही जिवाच्या आकांताने पाय मारायला लागलो.

तराफ्यावर जगूभाव गुडघ्यांवर बसलेले होते. हातोडीचा दांडा तुटलेला. कापलेल्या दोरीचं टोक त्यांच्या मांडीवर होतं. ते हातात आलं तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, ते मी त्यांना कधी विचारलं नाही. त्यांनी आमची डोकी मोजली. दोनच होती, तरी मोजली.

"कितके येळा मारलंय," ते म्हणाले. "दोरयेक पण हिसके दिलंय. आयकूक नाय काय रे?"

मोतीदादाने हूड मागे केला. चेहरा पांढरा फटक. "आयकलंय," तो म्हणाला. "गाठ पुरी करी होतंय."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता.

तासाभराने धरणाच्या पलीकडून नेगी साहेबांच्या माणसांनी आमची हत्यारांची पिशवी आणून दिली, खाली राहिलेली ती फटीतून ओढली जाऊन तिकडे निघाली होती. त्यात पाना होता. जाड लोखंडाचा पाना, चमचा वाकवावा तसा वाकलेला. नेगी साहेबांनी तो आमच्यापुढे ठेवला आणि ते बाहेर गेले.

जगूभाव त्यांच्यामागून गेले. खोलीत आम्ही दोघंच राहिलो. मोतीदादाने तो पाना उचलून बराच वेळ हातात फिरवला.

"अंकू, खराच आयकलंस तू?"

"होय."

"माका काय्येक आयकूक येवक नाय." त्याने दाराकडे पाहून आवाज खाली केला. "काल पण नाय."

"काल? काल तर तूच आधी वर निघालंस."

"घड्याळ बघून. जगूभाव धा मिन्टांनीच मारता, सतरा वर्सा बघतंय. माका वाटला माझे कान गेले. चाळीशी झाली. आता जगूभावाक सांगू तरी कसा? आणि तू तर आयकलंस."

"मी खय आयकलंय," मी म्हणालो. "मी तुका बघून वर इलंय."

पाण्याखाली वाटली नव्हती एवढी भीती मला त्या खोलीत वाटली. आदल्या दिवशी खाली कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. एकाने घड्याळ पाहिलं, दुसऱ्याने त्याला पाहिलं, आणि वर येऊन दोघांनीही छातीठोकपणे सांगितलं, की पद्धत उत्तम चालते.

"जगूभावाक सांगू नको," मोतीदादा म्हणाला. "माझी दोन पोरा शिकतत."

मी हो म्हणालो असतो. अगदी मान हलवायच्या बेतात होतो. मानेचा तो झटका मला स्वतःला जाणवला, आणि अंगणातले बाबा आठवले. मी उठून बाहेर गेलो.

जगूभाव पायरीवर बसून विडी ओढत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. डावा कान, लाल खिळा, भोकं, कालचं खोटं. मोतीदादाचंही सांगितलं. तो मागे दारात येऊन उभा होता, त्याने मला थांबवलं नाही.

जगूभावांनी विडी विझवली. माझा हूड मागून घेतला, भोकांमधून आकाश बघितलं. "एकाच बाजूक भोका? एका कानात थंड पाणी गेला तर डोक्या फिरता रे. दोनय बाजूक पाडूक व्हयी." मग त्यांनी मोतीदादाचा बिनभोकाचा हूड स्वतःच्या डोक्यावर चढवला, आमच्याकडे पाठ केली आणि हाताने खूण केली. मोतीदादाने वाकडा पाना पायरीच्या लोखंडी कठड्यावर तीनदा हाणला. समोरच्या झाडावरचे कावळे उडाले.

जगूभाव पाठमोरे तसेच वाट बघत उभे राहिले.

मोतीदादा खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी आपले कान धरले. तो रडत होता की हसत होता ते मला समजलं नाही. त्याचे कान शाबूत होते.

जगूभावांनी हूड उतरवला तेव्हा त्यांना आमच्या तोंडांवरूनच कळलं. ते पायरीवर टेकले. "सतरा वर्सा," ते म्हणाले. "सतरा वर्सा ठोकतंय, आणि ही टोपी घालून एकदा स्वतः आयकून बघूक नाय मी." मग माझ्याकडे वळले. "पण काल तुका विचारलंय मा मी?"

"काय विचारलास?"

"हूड घातल्यार. तुझ्यासमोर उभो रवान. 'आयकूक येता मा रे?' म्हणान विचारलंय. तू मान हलवलंस. मोत्यान पण हलवल्यान."



या गोष्टीला एकवीस वर्षं झाली. जगूभाव आता नाहीत. मोतीदादा तारकर्लीला पर्यटकांना बोटीतून फिरवतो आणि अजून त्याच्या कानांची फुशारकी मारतो. मी धरणांची कामं घेतो. माझी माणसं हुडात दोन्ही बाजूंनी भोकं पाडतात, उतरायच्या आधी चहाच्या किटलीने आत कोमट पाणी ओततात, आणि आम्ही ठोके आणि हिसके दोन्ही वापरतो. मी डाव्या कानात यंत्र घालतो, सगळ्यांना दिसेल असं.

नवा माणूस आला की पहिल्या दिवशी मी स्वतः त्याला बिनभोकाचा हूड चढवतो. समोर उभा राहतो. ऐकू येतं का, असं मी कधीच विचारत नाही. मी विचारतो, "सकाळी काय खाल्लंस?"

जवळजवळ सगळेच मान हलवतात.